नऊ मिनिटं

उद्यमबागेत एका फाउंड्रीचे हिशेब लिहितो मी,
आणि शनिवारी दुपारनंतर खडे बाजारात
महांतेश हुद्दारच्या काउंटरवर कोपर टेकून बसतो.
पाटी कानडीत, शिव्या मराठीत,
आणि घड्याळांविषयी बोलताना तिसरीच एक भाषा,
जी आम्हा दोघांशिवाय गावात फार तर चार जणांना येते.

घरी स्टीलच्या डब्यात एकोणीस आहेत.
चावीची नव्हेत. मनगट हललं तरच जगणारी,
कडेला स्टॉपवॉचची दोन बटणं.
एका वेळी दोन घालतो, एकेका हाताला एक.
बाकीची सतरा आपापल्या वेळेवर पडून असतात.
बायको म्हणते, भाड्यानं आणा की आणखी हात.

विसावं नंदगडात मिळालं.
सुगंधा घाडींनी तांदळाच्या डब्यातून काढलं,
रुमालात बांधलेलं.
पिवळी तबकडी, तांबडा काटा, काच धुरकट.
परशराम घाडींचं. कुवेतला क्रेनवर होते.
वाराची चकती दोन भाषांची:
एक टिचकी, इंग्रजीत शुक्रवार,
अजून एक, तोच शुक्रवार अरबीत.
एकाच खिडकीत.
मला आमच्या चौकातल्या पाट्या आठवल्या,
रात्रीत फासलेलं काळं,
आणि हसू आलं. का हसलो ते सांगितलं नाही.

सवयीनं खालचं बटण दाबलं.
टक.
तांबडा काटा उडून वर गेला,
छोट्या तबकडीतला पांढराही गेला त्याच्यामागं.

"दाबलासा?" त्या म्हणाल्या.
रागानं नव्हे. दूध उतू गेल्यावर म्हणतात तसं.

मग कळलं.
फोन वाण्याच्या दुकानात यायचा.
तिकडं पैसे मिनिटावर,
म्हणून हे बटण दाबूनच ते बोलायला लागायचे.
"सुगंधा, झाली बघ तीन."
कधी तीनच्या वर गेले नाहीत.
शेवटच्या वेळी नऊ बोलले.
काय बोलले? तसं काही नाही. भाताचं, म्हशीचं,
मधेच नुसतं गप्प.
"गप्प बसायचेबी पैसे पडतात न्हवं?"
पुढं कंपनीकडून बॅग आली.
घड्याळ बंद, आणि त्यात ती नऊ मिनिटं.
सव्वीस वर्षं कुणी हात लावला नव्हता.

असं घड्याळ बाहेर कितीला जातं, मला ठाऊक होतं.
"जुनं आहे वहिनी, चालत नाही," मी म्हणालो.
चार हजार दिले.
त्यांनी दोनदा मोजून घेतले, आणि ताक दिलं.
मी ते प्यायलो.

महांतेशनं मागचं झाकण उघडलं, डोळ्यात भिंग.
"हा बघ, बदाम."
खरंच पत्त्यातला बदाम, तिळाहून थोडा मोठा.
"बटण दाबलं की हातोडी ह्याच्यावर पडते.
कसाही फिरलेला असू दे,
मार बसला की सरळ होतो,
म्हणून काटा शून्यावर येतो.
ह्याचा झिजलाय. दोन सेकंद पुढंच थांबतो.
करू काय नीट?"

नको म्हटलं.
तो माझ्याकडं बघत राहिला, भिंग न काढता,
त्यामुळं एकच डोळा, फार मोठा.

परवा रात्री ते चालू केलं,
नऊ मिनिटं होऊ दिली, थांबवलं.
दिसायला तेच.
पण ही मी ओट्याशी उभा राहून काढलेली,
कुकरच्या दोन शिट्ट्या आणि शेजारचा टीव्ही असलेली.

नंदगडची बस सकाळी सव्वासातला आहे.
किती पैसे न्यायचे ते एक वेळ ठरेल.
बटणाचं काय सांगायचं?
दोन शनिवार गेले.
खिडकीतला वार मी अरबीतच ठेवलाय.
आज कुठला, ते कॅलेंडर बघून कळतं.